बाबांचा खोकला, सिंगापूरची बाटली आणि नाशिकचा गारठा

गोदाकाठ | ९ डिसेंबर, रात्री ९:४०

मंडळी, सल्ला हवाय. थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

बाबा (वय ७२, पंचवटीत राहतात) गेले आठ आठवडे खोकतायत. दसऱ्यानंतर आठ-दहा दिवसांनी सर्दी झाली. सर्दी गेली, खोकला मुक्कामाला राहिला. कोरडा आहे. बेडका नाही, ताप नाही, वजन आहे तेवढंच. ठसका लागल्यासारखा सुरू होतो, चेहरा लालबुंद, डोळ्यांत पाणी, दोन-तीन मिनिटांनी आपोआप थांबतो. मग तासभर काही नाही. रात्री मात्र निवांत झोपतात.

आत्तापर्यंत केलेले उद्योग: फॅमिली डॉक्टरांकडे तीन फेऱ्या, दोन सिरपं, एकदा पाच दिवस अँटिबायोटिक. छातीचा एक्स-रे स्वच्छ. बेडका पडतच नव्हता, वाफ देऊन कसाबसा काढला, टीबी नाही. घरचं म्हणाल तर हळद-दूध, आलं-मध, अडुळसा, दिव्यावर भाजलेली लवंग, बेहड्याची साल. ज्येष्ठमधाची कांडी तर महिनाभर गालात ठेवलेलीच असते. आईचं निदान वेगळंच आहे: "मी बोलायला लागले की यांना खोकला येतो." हे ती चेष्टेत म्हणत नाही.

आता मूळ प्रश्न. चुलतबहीण सिंगापूरहून आलीय. तिने काळ्या, घट्ट चिनी सिरपची बाटली आणलीय. "तिकडे घराघरात हेच घेतात" म्हणे. वर नासपती खडीसाखर घालून वाफवून द्यायची शिफारस. बाटलीवरचं एक अक्षर वाचता येत नाही. चिनी औषधांचा कुणाला अनुभव? द्यावं का?

बुलेटराजा | ९ डिसेंबर, रात्री ९:५२

बायको बोलायला लागली की खोकला येणे हा आजार नाही, कौशल्य आहे. काकांना दंडवत. हलकं घ्या.

सिडकोवाला | ९ डिसेंबर, रात्री १०:१५

ताई, पहिलं काम करा. बीपीची गोळी कोणती चालू आहे ते बघा. आमच्या हिला सहा महिने असाच कोरडा खोकला होता. घरातला धूप बंद केला, उदबत्ती बंद केली, गादीचा कापूस पिंजून घेतला, सासऱ्यांची विडी गच्चीवर पाठवली. शेवटी एका तरुण डॉक्टरणीने गोळ्यांचं पाकीट मागितलं. रॅमिप्रिल. गोळी बदलली, तीन आठवड्यांत खोकला गायब. कापसाचे पैसे गेले ते गेलेच.

स्टेथोस्कोप | ९ डिसेंबर, रात्री १०:४८

सिडकोवाला म्हणतात ते अगदी पहिलं विचारण्याजोगं. रॅमिप्रिल, एनालाप्रिल, 'प्रिल' शेपटीच्या गोळ्यांनी शरीरात ब्रॅडिकायनिन नावाचं रसायन साठतं आणि श्वासनलिकेतल्या नसा हुळहुळतात. गोळी सुरू केल्यावर आठवड्याने खोकला येईल, सहा महिन्यांनीही येईल, म्हणून कुणाला संशय येत नाही. मात्र गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, डॉक्टरांकडून बदलून घ्यायची.

गोदाकाठताई, आठ आठवडे उलटले की आम्ही त्याला जुनाट खोकला म्हणतो आणि मग फक्त छातीकडे बघून भागत नाही. नाकातून घशात उतरणारा शेंबूड, दम्याचा असा प्रकार ज्यात धाप नाही नुसता खोकला, पोटातलं आम्ल वर येणं, हे तीन नेहमीचे संशयित. म्हणून विचारतो: बीपीची गोळी कोणती? जेवणानंतर वाढतो का? पहाटे उठवतो का? दिवसात नेमका कधी येतो?

आणि ज्येष्ठमध महिनाभर? बीपी कधी मोजलंय? ज्येष्ठमधातल्या ग्लिसरायझिनने शरीरात मीठ-पाणी साठतं, पोटॅशियम उतरतं, बीपी चढतं. चार दिवस ठीक आहे. महिनाभर कांडी चघळणं म्हणजे औषधच झालं की.

गोदाकाठ | ९ डिसेंबर, रात्री ११:०५

धन्यवाद डॉक्टर. गोळी उद्या सकाळी जाऊन बघते. आत्ता फोन करून उपयोग नाही, झोपताना कानातलं मशीन काढून ठेवतात, मग घरावर दरोडा पडला तरी कळणार नाही. पहाटे नक्की उठवत नाही. जेवणाचा काही संबंध दिसत नाही. संध्याकाळी बातम्या बघताना हमखास येतो.

बुलेटराजा | ९ डिसेंबर, रात्री ११:०९

हल्लीच्या बातम्या बघून मलाही येतो.

काढावाली | १० डिसेंबर, सकाळी ७:३०

मी वैद्य आहे, नाशिकमध्येच प्रॅक्टिस करते. आयुर्वेदात कास म्हणजे खोकला पाच प्रकारचा: वातज, पित्तज, कफज, क्षतज (आतल्या इजेचा) आणि क्षयज (शरीर झिजल्याचा). कोरडा, उबळ येणारा, तोंड लाल करणारा हा वरवर पाहता वातज वाटतो. त्यात स्निग्धपणा लागतो. नुसतं मिरी-सुंठ-लवंग मारत राहिलात तर आधीच कोरड्या घशाला आणखी कोरडं कराल. यादीत भाजलेली लवंग, बेहडा, अडुळसा सगळं एकत्र बघून हसू आलं. अडुळसा बेडक्याच्या खोकल्यात उत्तम. इथे बेडकाच नाही, तो सोडवणार काय?

सितोपलादि पुष्कळ जण घेतात. खडीसाखर १६ भाग, वंशलोचन ८, पिंपळी ४, वेलची २, दालचिनी १. प्रत्येक घटक आधीच्याच्या निम्मा, पाठ करायला सोपं. पण १६ भाग साखर आहे हे मधुमेह्यांनी विसरू नये. वंशलोचनाच्या नावाखाली बाजारात काय काय विकतात हा स्वतंत्र धाग्याचा विषय.

ज्येष्ठमधाबद्दल डॉक्टरांशी सहमत.

चिनीमाती | १० डिसेंबर, दुपारी १:२०

माझा विषय निघाला! नवऱ्याच्या नोकरीमुळे ग्वांगझूमध्ये पाच वर्षं काढलीत, आता गंगापूर रोडला. मी डॉक्टर नाही, फक्त खोकलेली बाई आहे.

तिथल्या पहिल्या हिवाळ्यात मला असाच खोकला लागला. शेजारची आजी मला हाताला धरून चिनी औषधाच्या दवाखान्यात घेऊन गेली. वैद्यबुवांनी छातीला काही लावलंच नाही. एक छोटी उशी पुढे सरकवली, तिच्यावर मनगट ठेवायला लावलं, तीन बोटांनी आधी एका हाताची नाडी, मग दुसऱ्या हाताची. नंतर जीभ. जीभ इतका वेळ बाहेर काढून बसले होते की शेजारच्या बाकावरचं पोरगं हसायला लागलं. मग प्रश्न: बेडका पांढरा की पिवळा, पातळ की चिकट? घाम येतो? थंडी वाजते की उष्ण वाटतं? तहान? शौचाला कसं होतं? आवाज बसलाय का?

त्यांच्याकडे खोकल्याचा शब्दच दोन अक्षरांचा आहे. पहिलं अक्षर 'ख', म्हणजे आवाज आहे पण बेडका नाही. दुसरं 'सोउ', म्हणजे बेडका आहे पण आवाज नाही. दोन्ही मिळून खोकला. मला हे फार आवडलं होतं.

ढोबळ मांडणी अशी: खोकला बाहेरून आलेला की आतून उपजलेला? बाहेरून आलेल्याचे थंड वारा, उष्ण वारा आणि कोरडेपणा असे प्रकार. थंड वाऱ्यात बेडका पातळ पांढरा, अंग दुखतं, थंडी वाजते. उष्ण वाऱ्यात पिवळा चिकट, घसा दुखतो. कोरडेपणात बेडका जवळजवळ नाहीच, घसा खरखरीत. आतून उपजणाऱ्यात ओलसर कफ, यकृताची आग, फुप्फुसातला ओलावा आटणं वगैरे. प्रत्येकाचं औषध वेगळं. माह्वांग नावाची वनस्पती थंड वाऱ्याला, तुतीची पानं आणि शेवंती उष्ण वाऱ्याला, नासपती-कमळकंदासारखं ओलं काही कोरडेपणाला. एकाचं दुसऱ्याला दिलं तर ते चूकच मानतात.

मला कागदाच्या सात पुड्या मिळाल्या. मातीच्या भांड्यात उकळायच्या. घरभर असा वास की नवरा जिन्यात जाऊन बसला. पुडीत मला दोनच ओळखीच्या गोष्टी सापडल्या, ज्येष्ठमधाचे काप आणि वाळलेली संत्र्याची साल. साल जितकी जुनी तितकी महाग! आपण लोणचं मुरवतो तशी ते साल मुरवतात.

गोदाकाठ, बाटलीच्या मागच्या बाजूचा फोटो टाका, वाचून सांगते.

तर्कट | १० डिसेंबर, दुपारी ३:४५

चिनीमाती, लेखन रंजक, पण किती दिवसांत बरं वाटलं?

चिनीमाती | १० डिसेंबर, दुपारी ४:०२

पुड्या सुरू केल्यावर आठ-नऊ दिवसांत. दोन आठवडे आधीच खोकत होते. तुम्ही पुढे काय म्हणणार ते ठाऊक आहे, नवऱ्याने तेव्हाच म्हटलं होतं.

तर्कट | १० डिसेंबर, दुपारी ४:३०

म्हणतोच! सर्दीनंतरचा साधा खोकला सरासरी १८ दिवस टिकतो. लोकांची अपेक्षा असते आठवड्यात जावा. म्हणून आठव्या दिवशी लोक डॉक्टर बदलतात, बाराव्या दिवशी काढा, पंधराव्या दिवशी होमिओपॅथी. अठराव्या दिवशी जे तोंडात असेल त्याला श्रेय.

शिवाय 'नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी' हे डोक्यातून काढा. माह्वांगमध्ये एफेड्रिन आहे, त्याने हृदयाचे ठोके आणि बीपी वाढतं. अमेरिकेने २००४ मध्ये आहारपूरकांत त्यावर बंदी घातली. चिनी वैद्यकात खोकल्यावर दिलं जाणारं एक फळ अ‍ॅरिस्टोलोकिया नावाच्या वेलीचं. त्यातलं आम्ल मूत्रपिंडं निकामी करतं आणि कर्करोगही घडवतं. शतकानुशतकं वापरलं, कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण परिणाम वर्षांनी दिसतो. कडू जर्दाळूची बी खोकल्याला देतात, तिच्यातून पोटात सायनाइड तयार होतं.

काढावाली | १० डिसेंबर, सायंकाळी ६:१०

तर्कटभाऊ, न्याय दोन्हीकडे सारखा लावा. जर्मनीतल्या बायर कंपनीने १८९८ मध्ये खोकल्याचं औषध म्हणून काय बाजारात आणलं होतं? हेरॉइन. नावही त्यांचंच.

आणि तुम्ही मेडिकलमधून घेता त्या सिरपांतलं ब्रोमहेक्सीन कुठून आलं? अडुळशातल्या वासिसीनवरून बेतलेलं. अँब्रॉक्सॉल त्याचंच पुढचं रूप. कुंपणाला लावलेला अडुळसा बाटलीत गेला की शास्त्रीय, परसात राहिला की गावठी.

तर्कट | १० डिसेंबर, सायंकाळी ६:३२

हेरॉइनचं मान्य. पण ते का गेलं? तपासून पाहिलं, वाईट निघालं, सोडलं. अडुळशातून नेमका रेणू शोधला, मात्रा ठरवली, हेच तर हवंय. मी वनस्पतीविरुद्ध नाही, मोजमाप न करण्याविरुद्ध आहे. एफेड्रिनसुद्धा माह्वांगमधून वेगळं काढलं ते १८८५ मध्ये जपानच्या नागाई नागायोशींनी, आणि पुढे तेच दम्यावर जगभर वापरलं गेलं.

निफाडचा_गारठा | १० डिसेंबर, रात्री ८:१५

राम राम मंडळी. द्राक्षबाग आहे, नाव निफाड तालुक्याचं असल्यामुळे थंडीचं काही सांगायला नको. सकाळी गाडीच्या टपावर दव गोठलेलं बघितलंय.

माझा खोकला पहाटे चारला. गजर लावायची गरज नाही. दिवसा बागेत गंधकाची धुरळणी केली की संध्याकाळी परत. मुंबईला पोराकडे आठ दिवस गेलो की बंद. घरची म्हणते मुंबई मानवते तुम्हाला, तिकडेच ऱ्हावा. पाच वर्षं सिरपावर काढली. गेल्या वर्षी डॉक्टरने नळीत फुंकायला लावलं, म्हणे दमा आहे. मी म्हणलं मला धाप नाही लागत, दमा कसा? म्हणे खोकल्याचाच दमा. पंप दिला. पंपाची सवय लागते म्हणून तीन महिने कपाटात ठेवला.

चिनीमाती | १० डिसेंबर, रात्री ८:४०

दादा, पहाटे तीन ते पाच ही चिनी घड्याळात फुप्फुसाची वेळ!

तर्कट | १० डिसेंबर, रात्री ८:५१

अख्ख्या चीनला सरकारी वेळ एकच आहे. तिबेटातली फुप्फुसं बीजिंगच्या घड्याळाने चालतात का?

स्टेथोस्कोप | १० डिसेंबर, रात्री ९:३०

तर्कट :) पण पहाटे चारचं निरीक्षण खोटं नाही. त्या सुमाराला श्वासनलिका सगळ्यात आवळलेल्या असतात, म्हणून दमा पहाटे उठवतो. जुन्या लोकांनी बरोबर पाहिलं, कारण त्यांच्या परीने लावलं.

निफाडकर दादा, पंप कपाटातून काढा. तोंडातून पोटात जाणाऱ्या गोळीच्या मानाने फार थोडं औषध लागतं आणि ते थेट श्वासनलिकेत जातं. 'सवय लागते' ही आपल्याकडची सगळ्यात महागडी अफवा. ओढून झाल्यावर चूळ भरायची, एवढं पाळा. आणि गंधक मारताना साधा रुमाल बांधून उपयोग नाही, नीट मास्क लावा.

निफाडचा_गारठा | १० डिसेंबर, रात्री ९:४४

काढला डॉक्टर. चौथ्या महिन्यात काढला म्हणून तर लिहायला बसलोय. आता चारला जाग येते ती फक्त सवयीने. लाईट आलेली असते म्हणून मोटर चालू करून येतो.

आठ_महिन्यांची_आई | ११ डिसेंबर, सकाळी १०:०५

इथेच विचारते. बाळ आठ महिन्यांचं, दोन दिवस खोकला. सासूबाई म्हणतात मधाचं बोट चाटव. मेडिकलवाला सिरप देतोय.

स्टेथोस्कोप | ११ डिसेंबर, सकाळी १०:२२

दोन्ही नको. वर्षाच्या आत मध अजिबात नाही, त्यातल्या जिवाणूंच्या बीजांमुळे बॉट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो. सासूबाईंना सांगा, वर्षाचं झाल्यावर खुशाल चाटवा, मधाचा खोकल्यात खरोखर उपयोग होतो. दोन वर्षांखालच्या मुलांना खोकल्याचं सिरप द्यायचं नाही, हे केंद्राने ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा बजावलंय. मध्य प्रदेशात छिंदवाड्याला डायएथिलिन ग्लायकॉल हे विषारी रसायन असलेलं सिरप पिऊन मुलं दगावली, ते आठवत असेल. अंगावरचं दूध चालू ठेवा, नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब टाका. श्वास भरभर चालला, छातीखाली खळगा पडायला लागला किंवा बाळ पिईनासं झालं तर वाट न बघता बालरोगतज्ज्ञ गाठा.

सातपूरकर | ११ डिसेंबर, दुपारी २:१५

सगळ्यांचं चालू द्या. एवढंच सांगतो. माझा धाकटा भाऊ अंबडला कंपनीत होता. तीन महिने मेडिकलमधून सिरप नेत राहिला, प्रत्येक वेळी वेगळ्या दुकानातून, कारण रजा मिळत नव्हती. वजन उतरलं ते आम्ही डाएट समजलो. टीबी निघाला. तोवर घरातल्या पोरीलाही झाला होता. दोन आठवड्यांच्या वर खोकला गेला की बेडका तपासा. सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट, सहा महिन्यांची औषधं फुकट, वर खुराकाला महिन्याला १००० रुपये खात्यात येतात. दोघंही बरे आहेत. पण ते तीन महिने मला अजून टोचतात.

गोदाकाठ | ११ डिसेंबर, रात्री ९:१०

सातपूरकर दादा, वाचून पोटात खड्डा पडला. दोघं बरे आहेत हे वाचून बरं वाटलं.

इकडचा हिशोब: बीपीची गोळी अम्लोडिपिन निघाली, म्हणजे सिडकोवाल्यांचा तर्क बाद. पण बीपी मोजलं तर १६२/९४! एरवी १३० च्या आसपास असतं. कांडी जप्त केलीय. बाबा लहान मुलासारखे रुसलेत.

बाटलीच्या मागच्या बाजूचा फोटो टाकलाय.

चिनीमाती | ११ डिसेंबर, रात्री १०:००

वाचलं. मध आणि साखरेचा पाक, छ्वानपेई नावाचा डोंगराळ भागातला कंद, फीफाची पानं म्हणजे आपण लोकाट म्हणतो त्याची पानं, संत्र्याच्या जातीतली साल, आलं, पुदिन्याचा अर्क, कडू जर्दाळूची बी. आणि शेवटून तिसरं नाव बघा: ज्येष्ठमध.

बुलेटराजा | ११ डिसेंबर, रात्री १०:०४

फीफाची पानं? विश्वचषक कुठल्या वर्षी पिकतो?

काकांचं नशीब बघा, पंचवटीत कांडी जप्त आणि तीच सिंगापूरहून बाटलीतून परत.

स्टेथोस्कोप | ११ डिसेंबर, रात्री १०:२०

मग बीपी ताळ्यावर येईपर्यंत बाटली बंदच ठेवा. दोन चमच्यांनी आभाळ कोसळत नाही, पण रोज नको. नासपती बिनधास्त द्या.

काढावाली | १२ डिसेंबर, सकाळी ८:००

अवांतर: चिनी लोक पाठीवर काचेचे पेले लावतात ते फोटो पाहून सगळे अचंबा करतात. आपल्याकडे तुंबडी लावायचेच की. 'तुंबड्या भरणे' तिथूनच आलं म्हणतात. शिंगाची किंवा भोपळ्याची तुंबडी असायची. खोकल्याला तिचा उपयोग होतो असा माझा दावा नाही, फक्त वारसा सांगितला.

तर्कट | १२ डिसेंबर, सकाळी ८:४५

तुंबडी भरणे हा वाक्प्रचार आजच्या आरोग्यसेवेला जास्त लागू आहे. यावर मात्र तिन्ही शाखांचं एकमत होईल.

संपादक | १२ डिसेंबर, सकाळी ११:१५

सूचना: सर्वसाधारण माहितीला हरकत नाही. कृपया कुणाला अमुक औषध इतके मिलिग्रॅम अशा मात्रा सांगू नयेत. तसे दोन प्रतिसाद काढले आहेत.

चिनीमाती | १२ डिसेंबर, दुपारी १:१०

नासपतीची रीत सांगते. वरचा देठाकडचा भाग झाकणासारखा कापायचा, चमच्याने मधला बियांचा गाभा कोरून काढायचा, त्या पोकळीत खडीसाखरेचे चार खडे, झाकण परत ठेवून टोचणीने पक्कं करायचं. वाटीत उभी ठेवून मोदकपात्रात पाऊण तास. गर पारदर्शक होतो आणि वाटीत तळाशी चार चमचे पाणी सुटतं. तेच औषध, असं आजी म्हणायची. ते गरम-गरम प्यायचं, मग नासपती खायची. कोरड्या खोकल्यालाच. बेडका वाजत असेल तर नाही, असा तिचा दंडक.

त्या वैद्यबुवांनी मला एक ओळ ऐकवली होती, ती आत्ता आठवली. दोन हजार वर्षांपूर्वीच्या 'ह्वांगती नेईचिंग' या त्यांच्या मूळ ग्रंथातली. भाव असा: पाची घन आणि सहाही पोकळ अवयव माणसाला खोकायला लावतात, एकटं फुप्फुस नव्हे.

बुलेटराजा | १२ डिसेंबर, दुपारी १:२८

हे मात्र खरं असणार. मी बुलेटच्या किल्लीने कान कोरतो तेव्हा मला खोकला येतो. डाव्या कानाला नाही, फक्त उजव्या. चिनी शास्त्रात हा कुठला वारा? गंभीर प्रश्न आहे.

तर्कट | १२ डिसेंबर, दुपारी १:३१

किल्लीने??

स्टेथोस्कोप | १२ डिसेंबर, दुपारी २:०५

बुलेटराजा, किल्ली ठेवा खाली, कानाच्या पडद्याचं भोक मोठं महाग पडतं. पण प्रश्न खराच गंभीर आहे. खोकल्याची वार्ता मेंदूकडे नेणारी व्हेगस नावाची नस आहे. घसा, श्वासनलिका, अन्ननलिका सगळीकडे तिचे फाटे. एक बारीक फाटा बाहेरच्या कानाच्या नळीतही जातो, त्याला अर्नोल्डची नस म्हणतात. शंभरातल्या दोन-चार जणांना तिथे काही टोचलं की मेंदूला वाटतं घशातच काहीतरी अडकलंय. मळ असो, केस असो, किल्ली असो…

थांबा. गोदाकाठताई! "कानातलं मशीन काढून ठेवतात" असं तुम्ही पहिल्याच रात्री लिहिलं होतं. ते श्रवणयंत्र कधी घेतलं?

गोदाकाठ | १२ डिसेंबर, दुपारी ३:४०

दसऱ्याला. मुहूर्ताची खरेदी म्हणून.

डॉक्टर, माझ्या अंगावर काटा आलाय. रात्री काढतात, तेव्हा खोकला नाही. बातम्या ऐकायला घालतात, तेव्हा खोकला. आणि आई बोलायला लागली की "थांब, मशीन घालतो" म्हणतात!!

सिडकोवाला | १२ डिसेंबर, दुपारी ३:४४

काकूंचं निदान पहिल्या दिवसापासून बरोबर होतं.

स्टेथोस्कोप | १२ डिसेंबर, दुपारी ४:१५

उड्या मारू नका, हा अंदाज आहे. दसऱ्यानंतर सर्दीही झालीच होती, दोन्ही मिळूनही असेल. साधी परीक्षा: दोन दिवस मशीन न घालता राहू द्या आणि खोकल्याच्या उबळी कागदावर मांडा. मग कान-नाक-घसावाल्यांना कान दाखवा.

गोदाकाठ | २१ डिसेंबर, रात्री ८:३०

उशिरा लिहितेय, क्षमस्व. दोन दिवस मशीन बंद: पहिल्या दिवशी ११ उबळी, दुसऱ्या दिवशी ४. आईने कॅलेंडरवर दुधाच्या हिशोबाशेजारी रेघा मारल्यात. मशीन परत घातल्यावर तिसऱ्या दिवशी १९.

ईएनटीकडे नेलं. उजव्या कानात मळाचा खडा, मशीनच्या कानात बसणाऱ्या साच्याने ढकलून ढकलून आत पडद्यापर्यंत नेलेला. डॉक्टरांनी काढायला हत्यार घातलं मात्र, बाबांना अशी उबळ आली की दोन वेळा थांबावं लागलं. ते म्हणाले, "मिळाला तुमचा खोकला." खडा मला दाखवला, वाटाण्याएवढा, काळा. साचाही लांब होता. विकणाऱ्याने तेव्हा "सवय होईल" म्हणून पाठवलं होतं. आता नवीन साचा करून घेतलाय.

खोकला अगदी शून्य नाही. रस्त्यांची खोदाई आणि धूळ आहेच, सकाळी घाटावर फिरायला गेले की थोडा येतो. पण उबळ नाही. बीपी १३६ वर आलंय.

फॅमिली डॉक्टरांना सांगितलं तर तेही हसले आणि म्हणाले, कानात बघायचं सुचलंच नाही.

निफाडचा_गारठा | २१ डिसेंबर, रात्री ८:५५

म्हणजे कानातला मळ काढला अन् खोकला गेला. हे गावात सांगितलं तर मला येड्यात काढतील.

तर्कट | २१ डिसेंबर, रात्री ९:१०

अभिनंदन. मशीन काढून, घालून, मोजून पाहिलंत, हे मला सगळ्यात आवडलं. काकूंच्या रेघा जपून ठेवा. आणि चिनीमाती, तुमच्या त्या ओळीला अर्धा गुण. कान त्या अकरा अवयवांत बसत नाही.

चिनीमाती | २१ डिसेंबर, रात्री ९:२२

अर्ध्यावर समाधानी आहे. तुमच्याकडून मिळालाय म्हणून.

बुलेटराजा | २१ डिसेंबर, रात्री ९:३०

धाग्याचं खरं श्रेय माझ्या किल्लीला आहे हे नम्रपणे नमूद करतो. बाटलीचं काय झालं?

गोदाकाठ | २१ डिसेंबर, रात्री ९:४८

फ्रीजमध्ये आहे. बाबांनी एकदा गुपचूप पोळीला लावून खाल्लं, म्हणे काकवीसारखं लागतं. बीपीचं कारण सांगून तीही जप्त केली. आई आता म्हणते, खोकत होते तेव्हा निदान ऐकत तरी होते. आता मी बोलायला लागले की मशीन काढून पुसत बसतात.

आठ_महिन्यांची_आई | २२ डिसेंबर, सकाळी ११:२०

बाळ चार दिवसांत बरं झालं, आता मला लागलाय. कोरडा. नासपती कुठली घ्यायची? आमच्या फळवाल्याकडे बाबूगोशाच आहेत, त्या चालतील का?

चिनीमाती | २२ डिसेंबर, दुपारी १२:०५

चालतील, पण पिकून मऊ झालेल्या नकोत, वाफेवर लगदा होतो. दाबून बघ, कडक लागली तर घे. आणि पाऊण तासाऐवजी अर्धाच तास ठेव.